ढ, झ, ठ वरून दोन अक्षरी शब्द

ताई, शब्दकोड्यासाठी ढ, झ आणि ठ वरून दोन अक्षरी शब्द मागितले तुम्ही, अन् वर एका दादांनी ‘ढग, झरा, ठसा’ एवढ्यावरच थांबवलं. आमच्या विदर्भात शेतशिवारातच असे शब्द भरपूर सापडतात. ढेप घ्या, गाईम्हशींना घालतो ती सरकीची. झूल, पोळ्याला बैलाच्या पाठीवर टाकतात ती. झड म्हणजे दिवसचे दिवस न उघडणारा पाऊस. शिवाय ढोली, ढाल, झोत, ठाव, ठेव, ठोका आहेतच.

आठवत नसेल तर बाराखडी तोंडाने म्हणत जा: ढ, ढा, ढि, ढी... एका घरात अक्षर मात्रेसकट बसतं, म्हणून आडव्या शब्दातून ‘ढे’ आला असेल तर ढग, ढाल आपोआप बाद. उरले ढेप, ढेरी. जोडाक्षरालाही एकच घर, हे मुलांना आवर्जून सांगा. ‘ठिय्या’ दोन घरांत मावतो.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. जुनी असली तरी गावाकडचे पुष्कळ शब्द तिच्यात आहेत. मला तरी ती फार मोलाची वाटते.

ण किंवा ळ पहिल्या घरात येत असेल तर मात्र शब्द शोधत बसू नका. जैनांचा णमोकार सोडला तर तसा शब्द मिळणं कठीण, अन् ळ वरून तर नाहीच. आधी आडवं उत्तर तपासा.