विषय: भाडेकरूंशी बोलणे-कळवणे कसे ठेवावे?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

माझे घर गेल्या वर्षापासून एका दाम्पत्याने भाड्याने घेतले आहे. माणसे सज्जन आहेत आणि भाडे वेळेवर येते. तरीही सिंकखालच्या गळतीवरून आमच्यात कटुता आली आहे. त्यांनी ती फोनवर सांगितली, मी 'बघतो' म्हणालो, आणि तीन आठवड्यांनी जाऊन पाहतो तर कपाटाची तळाची फळी फुगून वर आलेली. तिचा खर्च अनामत रकमेतून कापावा की मी सोसावा, यावर दोन्ही बाजू अडून बसल्या आहेत. अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे.

आपला नम्र,
एक सभासद

---

उत्तर:

स. न. वि. वि.

फळीचा खर्च आपणच सोसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कळवण्याचे काम त्यांनी केले होते आणि आपल्या 'बघतो'ला तारीख नव्हती. फोनवर बोलू नये असे मी म्हणत नाही. मात्र फोन ठेवल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल जावा, ज्यात तक्रार काय आली, कोण येणार, कोणत्या दिवशी आणि किती वाजता, आणि तोपर्यंत त्यांनी काय करायचे (आपल्या बाबतीत सिंकखालचा व्हॉल्व्ह बंद ठेवणे) एवढे असले की पुरे. ठरल्या दिवशी प्लंबर आला नाही, तर तेही त्याच संध्याकाळी कळवावे. उशीर माणसे समजून घेतात, पण दहा दिवस काहीच न कळणे त्यांना अपमानास्पद वाटते.

दुसरे, घरी जाण्यापूर्वी विचारणे. अनेक ठिकाणी कायद्याने किंवा करारानुसार निदान 24 तासांची पूर्वसूचना द्यावी लागते. पाइप फुटणे किंवा आग लागणे यांसारख्या प्रसंगांचा अपवाद असतो. मालकी आपली असली तरी ताबा भाडेकरूचा असतो, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या पचनी पडत नाही, कारण जादा चावी आपल्या खिशात असते!

भाडेवाढ किंवा करार संपवण्याची सूचना मात्र व्हॉट्सॲपवर उरकू नये. सूचना कोणत्या मार्गाने व किती दिवस आधी द्यायची, हे करारात आणि स्थानिक कायद्यात पाहावे, आणि करारावर पती-पत्नी दोघांच्या सह्या असतील तर ती दोघांच्याही नावे पाठवावी.

आपला,
एक जुना सभासद

---

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

मी या मंडळातली भाडेकरू सभासद आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. वरील सल्ला योग्यच आहे. परंतु प्रत्येक गोष्ट लेखी ठेवण्याच्या भरात पत्राला वकिली नोटिशीचा वास येऊ लागला, तर भाडेकरू पुढची गळती कळवायलाच कचरतो. माझे पूर्वीचे घरमालक रात्री अकरानंतर एकामागून एक सहा-सात संदेश पाठवत आणि सकाळी 'वाचलेत ना?' असे विचारत. त्यांतला एखादाच तातडीचा असे, त्यामुळे खरोखर तातडीचा कोणता, हे मला ओळखता येईनासे झाले. तातडीसाठी एक फोन नंबर आणि बाकी सर्व गोष्टींसाठी एकच ईमेल पत्ता, असे पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर दोघांचाही त्रास वाचला असता. आणखी एक विनंती: घर ताब्यात देताना खोल्यांचे फोटो व मीटरचे आकडे दोन्ही बाजूंना एकाच ईमेलने पाठवावेत, अनामत परत करताना कोणाच्याच आठवणीवर विसंबावे लागत नाही.

आपली,
एक सभासद

---

उत्तर:

उभयतांचा आभारी आहे. आज भाडेकरूंना, दोघांच्याही नावे, पुढील मजकूर पाठवला:

"सप्रेम नमस्कार. सिंकखालची गळती आपण वेळेवर कळवली होती. विलंब माझ्याकडून झाला, म्हणून फळीचा खर्च मी करीन आणि अनामत रकमेतून काहीही कापले जाणार नाही. आपली हरकत नसेल तर सुतार शनिवारी सकाळी 10 ते 12 या वेळेत येईल. ही वेळ गैरसोयीची असल्यास दुसरी कळवावी."

तासाभरात उत्तर आले: शनिवार चालेल, पण अकरानंतर.