शेजारच्या काकींचे आभार मानावेत की गप्प बसावं?

वरळीची_लेक

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले. ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 घरांच्या चाव्या वाटल्या, त्यात आमचा नंबर लागला. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 फुटांच्या घरात. आनंद आहेच, उगाच गळा काढत नाही. रात्री पावसात कॉमन संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला नव्या घराचं मोल सांगायला नको. पण सोडतीत आमच्या समोरच्या काकी गेल्या दुसऱ्या विंगला. आधी दार उघडलं की समोर काकींचं दार. आता खाली उतरा, पलीकडे जा, दुसऱ्या लिफ्टने वर चढा.

प्रश्न नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होते. बाबा लोअर परळच्या गिरणीत, साचाखात्यात. दोन-तीन महिन्यांत मिटेल असं सगळेच धरून चालले होते. आमच्या मजल्यावरची निम्मी बिऱ्हाडं शिमग्याला गावी गेली ती परतलीच नाहीत. आम्ही राहिलो, कारण देवगडला आमच्या वाट्याला चार कलमं आणि खंडीभर भाऊबंद. वाण्याने उधारी बंद केली. आई राख्या बनवायची, वाती वळायची.

काका बेस्टमध्ये कंडक्टर, म्हणजे एक तारखेला पगार नक्की. काकी पाटणकडच्या. दर महिन्याला त्या दारात यायच्या आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात कुरकुर करायच्या, "आवं वहिनी, रेशनचं गहू लई आल्यात. किडं पडायच्या आत न्ह्या की थोडं, माझा डबा तरी मोकळा हुईल." असं वाटावं की आईच त्यांच्यावर उपकार करतेय. कधी रॉकेल "सांडतंय म्हणून", कधी चपात्या "जास्त लाटल्या म्हणून". आई भांडं कधी रिकामं परत द्यायची नाही. काहीच नसलं की खिडकीतल्या डालड्याच्या डब्यात लावलेल्या ओव्याची चार पानं घालून द्यायची.

बाबांना यातलं काही कळत नव्हतं, असं निदान आम्ही समजत होतो. पुढे ते वॉचमन झाले, त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. काकाही गेले. काकी आता पंचाहत्तरीच्या पुढे. मला त्यांना एकदा तरी तोंडाने सांगायचंय की काकी, मला तेव्हाच कळत होतं. आई म्हणते, "गप्प रव. तिनं झाकलेला तू कित्याक उघडतंस?" तुम्ही काय केलं असतंत? आणि द्यायचं तर काय द्यायचं? पैशाचं नाव काढलं तर काकी दाराबाहेर काढतील.

पंचगंगाकाठ

ताई, साधं करा. चांगली इरकल किंवा नारायणपेठ घ्या, खणानारळाने ओटी भरा. ओटीत सगळं येतं, वर बोलायला लागत नाही.

वरळीची_लेक

दादा, ओटीचंच अवघड आहे. काका गेल्यापासून काकी हळदीकुंकवाला स्वतःच मागे बसतात. मी ओटी काढली तर त्या उठून जातील, आणि मला ते बघवणार नाही.

पंचगंगाकाठ

मग तर नक्की भरा. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 सालीच विधवा प्रथा बंद करायचा ठराव केलाय. गावाला जमतं ते तुमच्या चाळीला का जमू नये? फक्त त्यांना आधी एकटीला विचारा. चारचौघांत अचानक कुंकू पुढे केलंत तर ते तुमच्या मनाच्या समाधानासाठी होईल, त्यांच्यासाठी नाही.

लालबागचा_बंड्या

मी उलट बाजूचा. स्पष्ट सांगून टाका, आणि लवकर सांगा. संपात अडीच लाख कामगार होते, त्यात तुमच्या बाबांची एकट्याची लाज कसली? संप मागे घेतल्याचं आजवर कुणी जाहीर केलं नाही, आणि आमच्या पिढीने घरी त्याबद्दल बोलणंही टाळलं. माझ्या वडिलांना खानावळवाल्या मावशींनी वर्षभर वहीवर जेवू घातलं आणि शेवटी वहीतली पानं फाडून चुलीत घातली. मी नोकरीला लागल्यावर पेढे घेऊन गेलो तर मावशी गेलेल्या. त्यांच्या सुनेला सांगितलं, तिला काही माहीतच नव्हतं. ती पेढ्यांचा पुडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

सुगरण_नसलेली

बंड्यादादा, तुमचं मनाला लागलं, तरी मी ताईंच्या आईच्या बाजूने. माझी आई काकींसारखीच. डोंबिवलीला आमच्याकडे दर रविवारी एक मुलगा "पेपरची रद्दी न्यायला" यायचा आणि जेवून जायचा. मोठा झाल्यावर तो भर लग्नात आईच्या पाया पडला, माइकवर सगळं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई घरी येऊन चिडली. म्हणाली, त्याच्या बायकोसमोर मी त्याला गरीब केला.

द्यायच्या माणसाला घ्यायला सांगणं फार कठीण असतं हो. त्यापेक्षा त्यांच्याकडे काहीतरी मागा. पाटणची बाई म्हणजे काळं तिखट घरचं असणार. "काकी, माझं तिखट बिघडतं, तुम्ही बसा समोर" म्हणा आणि घरी घेऊन या. आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. चाळीस मजली इमारतीत म्हाताऱ्या माणसाचं पहिलं वर्ष वाईट जातं. माझ्या सासूबाई लिफ्टच्या भीतीने महिना-महिना खाली उतरल्या नव्हत्या. दार लावून राहायची सवय त्यांना नसते आणि उघडं ठेवलं तर सिक्युरिटीवाला ओरडतो. लिफ्टची बटणं, इंटरकॉम, गॅसची पाइपलाइन हे सगळं शेजारी उभं राहून शिकवा. साडी कपाटात जाते.

लालबागचा_बंड्या

माइकवर सांगा असं मी कुठे म्हटलं? दोघीच असताना सांगा.

वरळीची_लेक

सगळ्यांचे आभार. काल रात्री आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. ती बराच वेळ ऐकून घेत होती, मग म्हणाली, "तुका काय वाटता, माका समाजला नाय? तिच्या कार्डावर चारच युनिटं होती. जास्तीचे गहू येतले खयसून?" म्हणजे आईला पहिल्या महिन्यापासून हिशोब माहीत होता. मी विचारलं, बाबांना? तर म्हणाली, ओव्याची पानं तेच खुडून द्यायचे.

हे ऐकल्यावर माझं भाषण मी गुंडाळून ठेवलंय. बंड्यादादा, रागावू नका. काळ्या तिखटाची कल्पना आईलाही पटली, फक्त ती म्हणते काकींच्या तिखटाला मालवणी मसाल्याची सर नाही, त्यामुळे त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात भांडण ठरलेलं आहे. ओटीबद्दल काकींना एकटीला विचारेन. लिफ्टचं कालपासून सुरू केलंय. काकींना वर जायचं बटण दाबलं तरी धीर निघत नाही, खालचंही दाबून ठेवतात.

आता एक वेगळाच प्रश्न. सोडतीत मिळालेली घरं दोन कुटुंबांना आपसात बदलून घेता येतात का? आमच्या मजल्यावरच्या एका घराला दुसऱ्या विंगला जायचंय. म्हाडाकडे अर्ज कुठे करायचा हे कुणी केलं असेल तर सांगा.