क्वांटम मटेरियलमध्ये पीएच.डी. करायची आहे, एम.एस्सी. कोल्हापुरातून. कुठं बघू?

गारगोटीकर:

नमस्कार मंडळी. मी शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव गारगोटीजवळ, सध्या राजेंद्रनगरात रूम करून राहतो. प्रोजेक्ट मँगनीज ऑक्साईडच्या थिन फिल्मचा (म्हणजे अगदी पातळ थराचा), सिलार पद्धतीनं, सुपरकपॅसिटरसाठी (झटपट चार्ज साठवणारं उपकरण). ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: स्टीलची पट्टी झीरो पेपरनं घासायची, धुवायची, मग एका बीकरात बुडवायची, पाण्यात खळबळायची, दुसऱ्या बीकरात बुडवायची, परत पाण्यात. हे चालू ते चालूच. पट्टी हळूहळू तपकिरी होत जाते. काम आवडतं, खोटं कशाला बोलू.

पण जीव अडकलाय क्वांटम मटेरियलमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम वागण्यामुळं वेगळेच गुण दाखवणाऱ्या पदार्थांत. राष्ट्रीय क्वांटम मिशनचं वाचलं, ६००३ कोटी वगैरे, आणि वाटलं आता नाही तर कधी. इकडं एक सर म्हणतात, "पेट दे, माझ्याकडं जागा आहे, तीन वर्षांत मोकळा होशील." पेट म्हणजे विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा. फेलोशिपचं मात्र अजून काही नक्की नाही. घरी थोडा ऊस, चार म्हशी, आणि वडिलांचं एकच टुमणं, बी.एड. करून टाक.

थिन फिल्मवाल्याला क्वांटमच्या लॅबमध्ये कुणी उभं करतं का? आणि हातातली जागा धरू, की नेट-जेस्टच्या (देशपातळीवरच्या परीक्षा) तयारीला एक वर्ष बसू? जाणकारांनी सांगा.

कळंबा_रोड:

क्वांटमचाच जमाना आहे भावा. डोळे झाकून घे. नाद खुळा!

झीरो_पेपर:

डोळे झाकून कुणी काही घेऊ नये, पीएच.डी. तर नाहीच नाही.

मी याच बीकरांतून बाहेर पडलेला माणूस आहे. पीएच.डी. कोल्हापुरात, मग पोस्टडॉक कोरियात. आपल्याकडच्या थिन फिल्मवाल्यांचा तो ठरलेला रस्ताच आहे, तिकडच्या कुठल्याही शहरात गेलास तरी कांदा-लसूण चटणीची बरणी घेऊन कुणीतरी आपला भेटतोच. सध्या पुण्यात आहे, स्पटरिंगच्या (निर्वातात पातळ थर चढवण्याच्या) यंत्राला जुंपलेला. त्यामुळं दोन्हीकडचं बोलतो.

जाहिरातीत क्वांटम लिहिलंय म्हणून अर्ज ठोकू नकोस. आत माणसं एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत इतकी वेगवेगळी कामं करत असतात. कुणी फळ्यावर थिअरी करतो. कुणी लेझरनं अणू नाहीतर आयन धरून ठेवतो. कुणी एकेक फोटॉन मोजतो. कुणी सुपरकंडक्टिंग, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहणारी, चिप बनवतो. आणि या सगळ्यांना लागणारं मटेरियल कुणीतरी वाढवतो. तुझी जागा या शेवटच्या दोघांच्या आसपास आहे, आणि ती दुय्यम जागा नाही. का ते ऐक.

सुपरकंडक्टिंग क्यूबिटचं (क्वांटम कॉम्प्युटरच्या मूळ घटकाचं) काळीज म्हणजे जोसेफसन जंक्शन: अ‍ॅल्युमिनियम, मध्ये एक-दोन नॅनोमीटरचा ऑक्साईड, वर परत अ‍ॅल्युमिनियम. २०२५ चं फिजिक्सचं नोबेल क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना मिळालं ते जोसेफसन जंक्शनवरच्याच १९८४-८५ च्या प्रयोगांसाठी. आता दुखणं कुठं आहे? क्यूबिटमधली अवस्था टिकत नाही, आणि तिला खाणारा मोठा चोर म्हणजे धातूच्या पृष्ठभागावरचा अस्ताव्यस्त ऑक्साईड आणि थरांमधली घाण. प्रिन्स्टनच्या गटानं २०२१ मध्ये नायोबियमच्या जागी टँटलम वापरलं आणि अवस्था टिकण्याचा वेळ ०.३ मिलिसेकंदाच्या वर नेला. यात कमाल सर्किटची नाही, धातूची आणि तो साफ करण्याच्या पद्धतीची आहे. म्हणजे जे काम तू पट्टी घासताना करतोस त्याच जातीचा प्रश्न तिथं नोबेलवाल्यांच्या दारात उभा आहे.

आता थोडं कडू. सिलारची फिल्म सच्छिद्र असते, आणि सुपरकपॅसिटरला ती तशीच हवी, कारण पृष्ठभाग जास्त मिळतो. क्वांटम मटेरियलमध्ये उलटं. तिथं फिल्मचे अणू खालच्या स्फटिकाशी ओळीनं बसलेले लागतात, त्यासाठी एमबीई, पीएलडी, स्पटरिंग अशा थर चढवण्याच्या पद्धती, आणि अल्ट्रा हाय व्हॅक्यूम, म्हणजे जवळजवळ पूर्ण निर्वात. "मला फिल्म करता येते" एवढ्यावर मुलाखतीत भाव मिळणार नाही. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना दाखवणारा ग्राफ) तू स्वतः वाचतोस की सॉफ्टवेअरनं पीकवर नावं चिकटवतोस, हे ते पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात.

मी तुझ्या जागी असतो तर उरलेल्या सेमिस्टरमध्ये प्रोजेक्टच्या जोडीला व्हॅनेडियम डायऑक्साईड करून बघितला असता. हा पदार्थ ६८ अंश सेल्सिअसच्या आसपास इन्सुलेटरचा धातू होतो. गार करायला हेलियम नको, नायट्रोजन नको. हॉटप्लेट, थर्मोकपल, रोध मोजायला चार प्रोब, झालं. स्प्रेनं बहुधा व्ही-टू-ओ-फाइव्ह पडतं, मग कमी ऑक्सिजनमध्ये तापवून ते खाली आणावं लागतं, आणि खरी मारामारी तिथंच आहे. पण एकदा जमलं की तापवताना रोध कोसळताना दिसतो आणि गार करताना वेगळ्या तापमानाला परत चढतो. तो ग्राफ स्वतः काढलेला असला की "क्वांटम मटेरियल म्हणजे काय" असं विचारणाऱ्यासमोर तुला पाठांतर करावं लागणार नाही. इलेक्ट्रॉनांची आपसातली ढकलाढकली किती आणि स्फटिकाची रचना बदलण्याचा वाटा किती, यावर लोक अजून भांडतात. भांडण वाचून जा.

जागेबद्दल. "तीन वर्षांत मोकळा" ही यूजीसीच्या २०२२ च्या नियमातली किमान मुदत आहे, कमाल सहा. प्रयोगाच्या कामात चार-पाच धरून चाल. कोल्हापुरातली जागा वाईट अजिबात नाही, केमिकल पद्धतीच्या फिल्ममध्ये इथल्या लॅबचं नाव बाहेर घेतलं जातं. पण फेलोशिपशिवाय धरू नकोस. नेटमधून मिळणारी जेआरएफ फेलोशिप महिना ३७,००० आणि वर घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. नेट नाही निघाली तर राज्याच्या योजना आहेत, सारथी, महाज्योती, बार्टी, तू ज्यात बसतोस ती बघ. फक्त एक ध्यानात ठेव: दुधाचं बिल दर दहा दिवसांनी घरात येतं, फेलोशिपचं तसं नसतं. सहा महिने हात आखडून काढायची तयारी ठेव.

हेलियम_संपला:

मी इचलकरंजीची, बेंगळुरूत कमी तापमानाच्या लॅबमध्ये पीएच.डी. करते. झीरो_पेपर यांच्याशी सहमत, थोडी भर घालते.

मिशनला केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, मुदत २०३०-३१ पर्यंत. चार हब आहेत: कॉम्प्युटिंग आयआयएससी बेंगळुरूकडं, कम्युनिकेशन आयआयटी मद्रासकडं, सेन्सिंग आयआयटी मुंबईकडं, आणि मटेरियल-डिव्हाइस आयआयटी दिल्लीकडं. तुला चौथं बघायचंय. पण हब म्हणजे एक इमारत नव्हे, देशभरच्या संस्था त्यात जोडलेल्या आहेत, त्यामुळं दिल्लीलाच जायला हवं असं काही नाही. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहे. २०२४ मध्ये सहा क्यूबिटच्या ज्या प्रोसेसरची बातमी आली होती तो त्यांनी आणि पुण्यातल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं मिळून केलाय. पुण्यात आयसर ही केंद्राची विज्ञान संस्था आहे, म्हणजे शनिवारी रात्री घरी जेवायला येता येतं.

परीक्षांचं: टीआयएफआरची स्वतःची लेखी डिसेंबरात असते. नेट वर्षातून दोनदा, गेट फेब्रुवारीत, आणि गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. जेस्टवर आयआयएससी, रामन रिसर्च इन्स्टिट्यूट वगैरे बोलावतात. अभ्यास सगळ्याला एकच लागतो, फक्त नेटच्या पार्ट सीला हात बसवावा लागतो, कारण २०० पैकी १०० गुण तिथंच आहेत. आयआयटी मुंबई आणि आयसर वर्षातून दोनदा प्रवेश घेतात, त्यामुळं एकदा हुकलं की वर्ष गेलं असं होत नाही.

मुलाखत मात्र वेगळीच गोष्ट असते. माझ्या मुलाखतीत आधी दोन बाय दोनचं हॅमिल्टोनियन (ऊर्जेचं मॅट्रिक्स) देऊन आयगेनव्हॅल्यू काढायला लावल्या, मग कपलिंग वाढवलं की ऊर्जेच्या पातळ्या एकमेकींना का ढकलतात ते विचारलं. ते जमलं. मग एम.एस्सी.च्या प्रोजेक्टवर आले. "फिल्मची जाडी कशी मोजली?" वजनातल्या फरकावरून, सर. "घनता कुठली धरली?" पुस्तकातली. "आणि फिल्म सच्छिद्र आहे असं तुम्ही दोन पानं आधी लिहिलंय?" पुढं दहा मिनिटं त्यावरच गेली. माझी निवड झाली, कारण खरी जाडी जास्त निघेल की कमी आणि का, हे मी फळ्यावर मांडून दाखवलं. तुझ्या प्रोजेक्टमध्ये हा प्रश्न येणारच.

आणि इथलं आयुष्य फार झगमगीत समजू नकोस. आमचा डायल्यूशन फ्रिज १० मिलिकेल्विनपर्यंत, म्हणजे जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत, जातो, पण गार व्हायलाच दीड-दोन दिवस लागतात. खाली गेल्यावर कळतं की एक वायर सुटलीय. मग सगळं परत वर. पीएच.डी.चा निम्मा वेळ लीक शोधण्यात जातो असं सीनियर म्हणायचे, मला ते तेव्हा विनोद वाटायचं.

समजा कोल्हापुरातच राहिलास, तरी एक दार लोक विसरतात. इंदूरला यूजीसी-डीएई सीएसआर आहे. विद्यापीठातल्या संशोधकांना कमी तापमान, मोठं चुंबकीय क्षेत्र अशी मोजमापं करता यावीत म्हणूनच ती संस्था आहे. इंदूरलाच आरआरकॅट या संस्थेचा इंडस-२ सिंक्रोट्रॉन (प्रखर क्ष-किरण देणारं यंत्र), २.५ जीईव्हीचा. गाइडच्या सहीनं प्रस्ताव पाठवायचा. नमुना कोल्हापुरात करून मोजायला इंदूरला जाणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांचे प्रबंध कुणापेक्षा कमी नाहीत. त्यामुळं त्या सरांना जागा आहे का हे विचारण्याआधी हे विचार: तुमचे विद्यार्थी मोजमापाला बाहेर जातात का?

गारगोटीकर:

जाडीचा प्रश्न वाचून घाम फुटला. 😅 मग मोजायची कशी? आमच्याकडं स्टीलवरच फिल्म असते.

आणि परदेशाचं काय? तिकडं नेट लागत नाही म्हणतात.

हेलियम_संपला:

त्याच बाथमध्ये काचेची नाहीतर सिलिकॉनची एक पट्टी शेजारी लटकव. तोडून आडवा छेद सेममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) बघ. जाडीही कळते आणि पोकळपणाही दिसतो. स्टील आणि काचेवर वाढ अगदी सारखी होत नाही, ते मात्र लिहून टाक, म्हणजे विचारायला त्यांना काही उरत नाही.

डेल्फ्टमधला_कागलकर:

परदेशाचं मी सांगतो. नेदरलँड्समध्ये पीएच.डी. म्हणजे नोकरी. चार वर्षांचा करार, पगार, सुट्ट्या, कर कापून हातात. जर्मनीतही करारच असतो, ई-१३ या पगारश्रेणीत, पण जाहिरातीत किती टक्के पगार लिहिलाय ते वाच, ६५ आणि १०० मध्ये खोलीभाड्याचा फरक आहे. अमेरिकेत पाच-सहा वर्षं आणि सुरुवातीला शिकवायचं काम. सिंगापूरला सीक्यूटी आहे, क्वांटमसाठीच काढलेलं केंद्र, आपल्याकडचे लोक त्याचा विचारच करत नाहीत.

युरोपच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांवर लक्ष ठेव. राष्ट्रीयत्वाची अट नाही, फक्त ज्या देशात जायचंय तिथं मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला नसावास. गारगोटीच्या माणसाला ही अट आपोआपच पार. 

ईमेल मात्र नीट लिही. आमच्या प्रोफेसरांना रोज "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी पॅशनेट" येतं आणि ते उघडतसुद्धा नाहीत. चार ओळी पुरेत: काय केलं, कुठलं यंत्र स्वतःच्या हातानं चालवतो, त्यांच्या अलीकडच्या कुठल्या पेपरमधली कुठली आकृती समजली नाही किंवा पटली नाही. जोडीला एक पानाचा सीव्ही. यंत्र चालवता येत नसेल तर लिहू नकोस, झूमवर पहिला प्रश्न तोच येतो.

कळंबा_रोड:

एवढं सगळं असतं होय? मी आपलं उत्साहात लिहिलेलं.

झीरो_पेपर:

असू दे. उत्साहही लागतोच.

गारगोटीकर, पेटचा फॉर्म निघाला की भर. फॉर्म भरला म्हणजे जागा धरली असं होत नाही. डिसेंबरात नेट आणि टीआयएफआर दोन्ही दे. मधल्या काळात एखाद्या संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंटची जाहिरात निघाली तर ती सोडू नकोस. वर्षभर घरी बसून गाईड पाठ करण्यापेक्षा पगारावर व्हॅक्यूम पंपाचं तेल बदलणं कधीही चांगलं, आणि वडिलांना दाखवायला पगाराची स्लिप राहते. बी.एड. पुढच्या वर्षीही असेल, हेही त्यांना सांग.

गारगोटीकर:

सरांना इंदूरचं विचारलं. त्यांचे दोन विद्यार्थी जाऊन आलेत म्हणाले, आणि उलट मलाच विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. त्यामुळं जागेचा विचार अजून सोडलेला नाही, पण फेलोशिप आधी. टीआयएफआरची तयारी सुरू करतोय.

व्हॅनेडियमचं बघायला स्टोअरमध्ये गेलो होतो. अमोनियम मेटाव्हॅनाडेटची एक जुनी बाटली सापडली. ते चालेल का?

झीरो_पेपर:

चालेल. गार पाण्यात नीट विरघळत नाही, गरम पाणी घे. विषारी आहे, ग्लोव्हज घाल आणि स्प्रे फ्यूम हूडमध्येच कर. काचेच्या आधी क्वार्ट्झचा तुकडा मिळतो का विचार, नंतर तापवताना साधी काच वाकते.