पायथनचा प्रोग्राम आयडलमध्ये चालतो, पण कमांड प्रॉम्प्टवरून चालवताना अडतो आणि मराठी नावे फाईलीत उतरत नाहीत

दालमिल_दर्यापूर यांचा प्रश्न

नमस्कार. आमचे गाव दर्यापूर तालुक्याच्या खारपाणपट्ट्यात आहे आणि आमच्या महिला बचत गटाकडे पीकेव्ही मिनी दालमिल आहे. तुरीचा हंगाम आला की शेतकरी आपापली तूर भरडायला आणतात. कोणाची किती तूर आली, तिच्यातून डाळ, चुरी आणि टरफल किती निघाले आणि भरडाईचे किती पैसे घ्यायचे, हा हिशेब मी पूर्वी वहीत ठेवत असे. गेल्या वर्षीपासून रोजच्या नोंदी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या, फाईलीत भरते आणि त्यांचा महिन्याचा गोषवारा काढणारा छोटा प्रोग्राम मी पायथनमध्ये लिहिला आहे. आयडल, म्हणजे पायथनसोबत येणारी प्रोग्राम लिहिण्याची खिडकी, उघडून एफ५ दाबले की गोषवारा बरोबर दिसतो.

अडचण अशी की मी गावात नसते त्या दिवशी गटातील दुसऱ्या ताईंना हे काम करावे लागते. त्यांनी आयडल उघडले तर समोर प्रोग्रामच येतो, आणि एकदा चुकून त्यातील एक ओळ पुसली गेल्याने दोन दिवसांचे हिशेब पुन्हा करावे लागले. म्हणून प्रोग्राम न उघडता कमांड प्रॉम्प्टवरून, म्हणजे आज्ञा टंकायच्या विंडोजच्या खिडकीतून, चालवता यावा अशी माझी इच्छा आहे. संगणक विंडोज १० चा असून त्यावर पायथन ३.११ आहे.

मी कमांड प्रॉम्प्टवर ‘पायथन’ असे टंकले तर पायथन सुरू न होता मायक्रोसॉफ्ट स्टोअरचे पान उघडले. मग स्टार्ट मेनूतून पायथनची खिडकी उघडली आणि तिथे ‘पायथन हिशेब.पीवाय’ असे लिहिले, तर सिंटॅक्स एरर आली. संक्रांतीला आलेल्या भाच्याने ‘पायथन’ऐवजी नुसते ‘पाय’ टंकायला सांगितले. तेव्हा प्रोग्राम चालला आणि आकडे बरोबर आले, परंतु शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी चौकोन दिसले. शेवटी तोच गोषवारा फाईलीत उतरवावा म्हणून आज्ञेच्या शेवटी ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह आणि फाईलीचे नाव लिहिले, तर युनिकोड एन्कोड एरर येऊन प्रोग्राम थांबला. जे पडद्यावर उमटते ते फाईलीत का उतरत नाही, हे मला समजून घ्यायचे आहे. केवळ उपाय नको, कारणही कळले तर पुढच्या वेळी मला कोणाची वाट पाहावी लागणार नाही.

शिक्षक_मूर्तिजापूर यांचे उत्तर

ताई, आपल्या पहिल्या दोन अडचणींचे मूळ एकच आहे. आपण लिहिलेली ओळ कोण वाचत आहे, हे दर वेळी पाहावे लागते. ओळीच्या सुरुवातीला ‘सी’ हे अक्षर, विसर्गासारखी दोन टिंबे, फोल्डरचे नाव आणि एक कोन दिसत असेल तर विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट वाचत आहे. त्याला प्रोग्रामांची आणि फाईलींची नावे कळतात, पायथनचे व्याकरण कळत नाही. ओळीच्या सुरुवातीला तीन कोन दिसत असतील तर पायथनचा इंटरप्रिटर, म्हणजे पायथनच्या ओळी वाचून चालवणारा प्रोग्राम, वाचत आहे. त्याला फक्त पायथनची विधाने कळतात. ‘पायथन हिशेब.पीवाय’ हे पायथन भाषेतील विधान नाही, म्हणून त्याने सिंटॅक्स एरर दाखवली. माझ्या वर्गातील बहुतेक मुले पहिल्या आठवड्यात इथेच अडकतात आणि आपला प्रोग्रामच चुकला असे समजून तो बदलत बसतात. आपण तसे केले नाही, हे फार बरे झाले. तीन कोनांतून बाहेर यायचे असेल तर ‘एक्झिट’ लिहून त्यापुढे रिकामा गोल कंस द्यावा, किंवा कंट्रोल आणि झेड एकत्र दाबून मग एंटर दाबावे.

आता स्टोअरच्या पानाविषयी. आपण एखादे नाव टंकले की कमांड प्रॉम्प्ट त्या नावाचा प्रोग्राम आधी चालू फोल्डरमध्ये आणि मग ‘पाथ’ नावाच्या यादीतील फोल्डरांत क्रमाने शोधतो. पायथन बसवताना पहिल्याच पानावर पायथनला ‘पाथ’मध्ये घालण्याचा चौकोन असतो आणि तो आपोआप निवडलेला नसतो. तो राहून गेला की खरा पायथन यादीत येत नाही, आणि विंडोजने त्याच नावाने ठेवलेली एक पोकळ नोंद सापडते, जिचे काम स्टोअर उघडणे एवढेच आहे. सेटिंग्जमधील ‘ॲप एक्झिक्युशन एलियासेस’ या पानावर ती बंद करता येते. परंतु भाच्याने सांगितलेला ‘पाय’ हा मार्ग त्याहून सोपा आहे. ‘पाय’ हा पायथनसोबत येणारा छोटा लाँचर, म्हणजे पायथन सुरू करून देणारा प्रोग्राम, असून तो ‘पाथ’चा चौकोन राहिला असला तरीही बहुधा सापडतो आणि संगणकावरील पायथन स्वतः शोधून काढतो. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, तो विंडोजवर मिळतो.

खात्रीसाठी ‘पाय’, जागा, हायफन आणि मोठा व्ही असे टंकून पाहावे. आवृत्तीचा क्रमांक एका ओळीत दिसेल. इथे व्ही मोठाच हवा. लहान व्ही लिहिला तर इंटरप्रिटर कोणकोणती मोड्यूल, म्हणजे तयार कोडचे भाग, कुठून उचलतो याच्या ओळींनी पडदा भरतो आणि काहीतरी बिघडले असे वाटते.

जिनिंग_आर्वी यांचे उत्तर

मी जिनिंगमध्ये कापसाच्या काटापट्ट्यांचा हिशेब सांभाळतो आणि फाईलीच्या याच चुकीवर माझा एक पूर्ण रविवार गेला होता, म्हणून तेवढ्याच भागाविषयी सविस्तर लिहितो.

आधी चौकोन बाजूला काढूया, कारण ती चूक नाही. जुन्या कमांड प्रॉम्प्टच्या खिडकीत निवडलेल्या फाँटात देवनागरीचे आकार नसतात, म्हणून तिथे चौकोन दिसतो. आतील अक्षर मात्र शाबूत असते. तो मजकूर तिथून उचलून नोटपॅडमध्ये चिकटवला तर नावे दिसतील.

फाईलीची गोष्ट वेगळी आहे. पायथन ३.६ पासून इंटरप्रिटर विंडोजच्या खिडकीत लिहिताना युनिकोडचा, म्हणजे सर्व लिप्यांच्या सामाईक अक्षरयादीचा, थेट मार्ग वापरतो, त्यामुळे कोणतीही लिपी चालते. परंतु ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह दिले की समोर खिडकी उरत नाही, फाईल येते, आणि फाईलीत शेवटी बाइटच लिहावे लागतात. अक्षरांचे बाइट कोणत्या तक्त्याप्रमाणे करायचे हे पायथन अशा वेळी विंडोजच्या मांडणीवरून ठरवतो. आपल्याकडे बहुतेक संगणक इंग्रजी मांडणीवर असतात आणि तिचा तक्ता १२५२ क्रमांकाचा आहे. त्यात एका अक्षराला एकच बाइट मिळतो, म्हणजे जास्तीत जास्त २५६ जागा, आणि त्या पश्चिम युरोपातील भाषांच्या लिप्यांसाठी आखलेल्या आहेत. त्यात ‘अ’सुद्धा नाही. ज्या अक्षराला तक्त्यात जागाच नाही ते लिहिणार कसे, म्हणून पायथन थांबतो. तो चुकीचे काहीतरी लिहून पुढे गेला असता तर तुमचे जास्त नुकसान झाले असते.

त्याला यूटीएफ-८ वापरायला सांगणे हा उपाय. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मावते. पायथन ३.७ पासून त्यासाठी आज्ञेतच सोय आहे: ‘पाय’, जागा, हायफन आणि मोठा एक्स, जागा, ‘यूटीएफ८’, जागा, ‘हिशेब.पीवाय’, आणि मग फाईलीचे चिन्ह व नाव.

वाचण्याच्या बाजूलाही हाच तक्ता आडवा येतो आणि तिथे तो अधिक फसवा आहे. यूटीएफ-८ ची सीएसव्ही फाईल १२५२ च्या तक्त्याने उघडली तर बहुतेक अक्षरे नुसती वेडीवाकडी होतात. परंतु त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत आणि ऱ्हस्व उकार व हलन्त यांचे शेवटचे बाइट नेमके त्या रिकाम्या जागांवर पडतात. म्हणजे ‘तूर’ विद्रूप होऊन का होईना वाचली जाते, आणि ‘तुकाराम’ किंवा ‘कृष्णा’ आला की वाचन थांबते. माझ्याकडे तीनशे ओळींची फाईल चालायची आणि दुसरी चाळीस ओळींची अडायची, ते कोडे याने सुटले. तुमचा प्रोग्राम आयडलमध्ये बरोबर चालतो त्याअर्थी तुम्ही फाईल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे कोणता तक्ता वापरायचा ते, लिहिलेले असणार. ते तसेच असू द्यावे.

दालमिल_दर्यापूर

आपणा दोघांचे मनापासून आभार. ऱ्हस्व उकाराचे कारण वाचून मी मुद्दाम एन्कोडिंग काढून फाईल वाचून पाहिली आणि खरोखरच वाचन थांबले.

तरी दोन गोष्टी राहिल्या. मी हायफन-एक्सचा भाग प्रोग्रामच्या नावानंतर लिहिला, तेव्हा ‘असा महिना सापडला नाही’ असा माझ्याच प्रोग्रामचा संदेश आला. नावाच्या आधी लिहिला तेव्हा चालले. असे का व्हावे? दुसरे म्हणजे तयार झालेली फाईल नोटपॅडमध्ये नीट दिसते, पण एक्सेलमध्ये नावांचा चिखल होतो. शिवाय मिलच्या खोलीत एक जुना संगणक आहे, त्यावर विंडोज ७ आहे. त्यावर हे सारे चालेल का?

संत्रा_वरुड यांचे उत्तर

ताई, प्रोग्रामचे नाव ही सीमारेषा आहे. नावाच्या आधी जे येते ते इंटरप्रिटरसाठी, नावानंतर जे येते ते तुमच्या प्रोग्रामसाठी. नावानंतरचे सगळे शब्द पायथन न वाचता ‘सिस.आर्गव्ही’ या यादीत ठेवून देतो. त्या यादीत शून्याव्या जागी प्रोग्रामचे नाव आणि पहिल्या जागी पुढचा शब्द असतो. तुम्ही पहिल्या जागेवरून महिना घेत असणार, म्हणून तिथे हायफन-एक्स सापडले. नावात जागा असेल, जसे ‘दाळ हंगाम’, तर ते दुहेरी अवतरणांत द्यावे. कमांड प्रॉम्प्टवर एकेरी अवतरण चालत नाही.

मात्र ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह वापरून हिशेब जपून ठेवावा, या मताचा मी नाही. आर्वीच्या भाऊंनी सांगितलेले कारण आणि उपाय दोन्ही बरोबर आहेत, पण त्या चिन्हाचे काम पायथन करत नाही, कमांड प्रॉम्प्ट करतो, आणि तो पायथन सुरू होण्याआधीच फाईल कोरी करून ठेवतो. प्रोग्राम पहिल्याच ओळीत थांबला तर नवा गोषवारा मिळत नाही आणि कालचाही जातो. संत्र्याच्या बहराच्या वेळी माझी तोडणीच्या मजुरीची यादी अशीच गेली आणि ती पुन्हा जुळवायला घरोघर जावे लागले. त्यापेक्षा सगळे आकडे काढून झाल्यावर प्रोग्रामनेच स्वतः फाईल लिहावी, आणि फाईलीच्या नावात महिना असावा.

ती फाईल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ असे द्या. त्यामुळे सुरुवातीला तीन बाइटांची एक खूण पडते आणि तिच्यावरून एक्सेलला लिपी ओळखता येते. तीच फाईल पुढे पायथनने वाचायची असेल तर वाचतानाही ‘सिग’च द्यावे, कारण नुसत्या यूटीएफ-८ ने वाचली तर ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि समोर ‘तारीख’ दिसत असूनही पायथन ‘तारीख’ नावाचा रकाना नाही असे सांगतो. सीएसव्ही लिहिताना ‘न्यूलाइन’ला रिकामे अवतरण द्यायचे विसरू नका, नाहीतर एक्सेलमध्ये एकाआड एक ओळ रिकामी येईल. आणि आपल्या कोणत्याही प्रोग्रामचे नाव ‘सीएसव्ही.पीवाय’ ठेवू नका. इंटरप्रिटर आधी प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये पाहतो आणि पायथनच्या सीएसव्ही मोड्यूलऐवजी तुमचीच फाईल उचलतो.

ताईंसाठी तीन ओळींची बॅच फाईल, म्हणजे उघडली की आतील आज्ञा क्रमाने चालवणारी फाईल, करून द्या. पहिल्या ओळीत ‘सीडी’, तिरकी रेघ आणि डी, मग दुहेरी अवतरणांत टक्क्याचे चिन्ह, लहरी रेघ, डी, पी आणि शून्य. याने बॅच फाईल ज्या फोल्डरात आहे तिथे काम सुरू होते. दुसरीत हायफन-एक्ससह ‘पाय’ची पूर्ण आज्ञा. तिसरीत ‘पॉज’, म्हणजे काही चूक आली तर खिडकी मिटत नाही आणि संदेश वाचता येतो.

शिक्षक_मूर्तिजापूर

विंडोज ७ विषयी एवढेच की त्यावर पायथन ३.८ ही शेवटची शाखा चालते. ३.९ पासून विंडोज ८.१ किंवा त्यापुढचे लागते. ३.८.१० चा इन्स्टॉलर तीस एमबीच्या आतला आहे, तो पेनड्राइव्हवर नेऊन बसवता येतो. ‘सीएसव्ही’ आणि ‘सिस’ ही मोड्यूल पायथनसोबतच येत असल्याने नंतर इंटरनेट लागत नाही. त्या शाखेला ऑक्टोबर २०२४ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून तो संगणक फक्त हिशेबापुरता ठेवावा. बॅच फाईलीत महिना विचारायचा असेल तर तो प्रोग्रामच्या आतच ‘इनपुट’ने विचारावा, ताईंना ते सोपे जाईल.

दालमिल_दर्यापूर

काल संध्याकाळी दोन्ही संगणकांवर करून पाहिले. जुन्या संगणकावर ३.८.१० बसले आणि बॅच फाईल तिथेही तशीच चालली. प्रोग्राम आता महिना विचारतो आणि गोषवारा स्वतःच ‘जानेवारी’ या नावाच्या फाईलीत लिहितो. एक्सेलमध्ये सगळी नावे नीट उमटली. आज सकाळी मी मुद्दाम मिलवर गेले नाही, आणि गटातील ताईंनी अकरा शेतकऱ्यांचा हिशेब माझ्याशिवाय काढून कागदावर उतरवून दिला.