टर्रेन्टाइन ऐकायचा तर 'शुगर'च्या आधीपासून

जॅझमधला टेनर सॅक्सोफोनवादक स्टॅन्ली टर्रेन्टाइन याची ओळख कुणी १९७० च्या 'शुगर' या अल्बमपासून करून देतं. अल्बम देखणा आहे, वाद नाही; पण या माणसाचं मूळ ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकन लोकसंगीतात आहे आणि ते आधीच्या ध्वनिमुद्रणांत जास्त स्वच्छ ऐकू येतं.

पिट्सबर्गचा हा पोरगा ऐन तारुण्यात ब्लूज गायक-गिटारवादक लोवेल फुल्सनच्या बँडमध्ये होता, तेव्हा पियानोवर रे चार्ल्स! पुढे सॅक्सोफोनवादक अर्ल बॉस्टिकच्या बँडमध्ये जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाच्या जागी गेला. एप्रिल १९६० मध्ये जिमी स्मिथच्या ऑर्गनसोबत एकाच बैठकीत 'मिडनाइट स्पेशल' आणि 'बॅक अ‍ॅट द चिकन शॅक' या दोन्ही अल्बमचा ऐवज तयार झाला.

माझं सर्वांत आवडतं मात्र गिटारवादक केनी बरेलचं १९६३ चं 'मिडनाइट ब्लू', ज्यात टर्रेन्टाइन वाजवतो. पियानो नाही, ऑर्गन नाही. गिटार, बास, ड्रम्स आणि रे बॅरेटोचा काँगा (हाताने वाजवायचा उंच ढोल). त्या मोकळ्या जागेत 'चिटलिन्स कॉन कार्ने' या रचनेतला त्याचा टेनर सॅक्सोफोन नीट ऐका. घाई अजिबात नाही. छोटासा तुकडा, मग थांबणं, मग तोच किंचित वाकवून पुन्हा. स्वर जाड, भरदार, कडांना थोडा खरखरीत. सुरांची आतषबाजी करण्याची ताकद असून तो ती करत नाही, हे मला फार मोठं वाटतं.

त्यानंतर त्याची तेव्हाची पत्नी शर्ली स्कॉटच्या ऑर्गनसोबतचं 'हसलिन' घ्या.