बाइकचं चेन किट जुळवून, ब्रेक ऑइलची बाटली बघून घ्या

बाइकच्या दुरुस्तीसाठी ‘मोठ्या दुकानातून पार्ट आणा आणि गॅरेजवाल्याला फक्त मजुरी द्या’ असं काहीजण सुचवतात, ते ऑइल फिल्टर, प्लग, केबल यांना चालेल. चेन-स्प्रॉकेट किटला (चेन आणि ती ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) मात्र जपून. नुसतं गाडीचं नाव सांगून किट मागवू नका. वर्ष बदललं की कधी कधी दातेही बदलतात. पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचे दाते आणि चेनचे लिंक (कड्या) जुन्यावरून मोजून न्या. आपल्या गोव्यात म्हापशा-फोंड्यातला चांगला फिटर किट काउंटरवरच जुन्याशी जुळवून बघतो, चुकलं तर तिथेच बदलतो. दोन पैसे जास्त घेतो ते त्याचेच. आणि चेन जोडणाऱ्या लॉकची क्लिप बसवताना बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. उलटी बसली तर निघून जाते.

ब्रेक ऑइलचं मात्र उलट. छोट्या गॅरेजात फळीवर अर्धी उघडी बाटली महिनोन्‌महिने असते, आणि आपल्या पावसाळ्यात ते ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट 4 या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान 230 अंश, पाणी मुरल्यावर 155 पर्यंत उतरू शकतो. मग घाटात सतत ब्रेक लावून तापलं की ते लवकर उकळतं. चोर्ला घाट उतरताना ब्रेकची लिव्हर अचानक मऊ लागते ती बऱ्याचदा यामुळेच, आणि लोक उगाच पॅड बदलत बसतात. सीलबंद छोटी बाटली मोठ्या दुकानातून घ्या, समोर उघडायला लावा. उरलेलं पुन्हा वापरायला ठेवू नका.