'समान वागणूक' की 'न्याय्य वागणूक'?

प्रश्न : वांशिक अल्पसंख्याकांविषयीच्या लेखांत कुणी 'समान वागणूक' लिहितं, कुणी 'न्याय्य वागणूक'. अर्थ एकच ना? आणि तिचा परिणाम सांगताना सलोखा, एकोपा, ऐक्य यांतलं काय वापरावं?

उत्तर : एकच नाही. आधी शुद्धलेखन : 'न्याय' नाम, 'न्याय्य' विशेषण, तेव्हा शेवटचा य खाऊ नये.

समान म्हणजे सगळ्यांना एकाच मापानं. न्याय्य म्हणजे ज्याचं जे रास्त ते त्याच्या पदरात पडेल असं. दोन्हींत किती अंतर पडू शकतं ते अल्बानियाच्या प्रकरणात लख्ख दिसतं. १९३३ मध्ये तिथल्या सरकारनं सगळ्याच खासगी शाळांवर बंदी आणली. ग्रीक अल्पसंख्याकांनी तक्रार केली, तर सरकार म्हणालं, बंदी बहुसंख्याकांच्या शाळांनाही आहे, मग भेदभाव कुठे झाला? नियम खरोखरच समान होता. पण १९३५ मध्ये हेगच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हा युक्तिवाद नाकारला. बहुसंख्याकांची गरज सरकारी शाळा भागवतातच; अल्पसंख्याकांच्या हातून मात्र त्यांची स्वतःची संस्थाच जाते. कायद्यातली समानता वेगळी आणि प्रत्यक्षातली वेगळी, हा भेद तिथे स्पष्ट झाला. 'न्याय्य' या शब्दात ही प्रत्यक्षातली बाजू येते.

सलोखा म्हणजे दोन गटांत तंटा नसणं. तो धाकानंही टिकतो. 'ऐक्य' शासनाच्या तोंडी फार येतं आणि तिथे मला त्याची धास्तीच वाटते. श्रीलंकेत १९५६ च्या कायद्यानं सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली आणि सरकारी नोकरीतल्या तमिळ माणसांवर सिंहली शिका, नाहीतर बढती विसरा अशी वेळ आली. राजभाषा एक झाली, माणसं दुरावली. १९८३ ते २००९ या काळातल्या यादवीची कारणं अनेक, पण हे त्यांतलं जुनं आणि मोठं. एकोपा असा फर्मानानं होत नाही. इथे आपलं कुणी डावलणार नाही अशी खात्री पटली की माणसं आपणहून एकमेकांत मिसळतात. तेव्हा न्याय्य वागणुकीचं फळ म्हणून 'एकोपा'च लिहावं.

शंका : पण अल्पसंख्याकांना वेगळ्या सवलती दिल्या की बहुसंख्याकांना खुपणारच. मग एकोपा कसला?

उत्तर : खुपतं, हे खरं. इटलीच्या, पण पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाकडे असलेल्या दक्षिण टिरोलमध्ये जर्मन भाषकांना १९७२ च्या कायद्यानं व्यापक स्वायत्तता मिळाली, सरकारी नोकऱ्या भाषिक गटांच्या प्रमाणात वाटल्या जाऊ लागल्या. तिथल्या इटालियन भाषकांनी कुरकुर केलीच. पण त्याआधी, साठच्या दशकात, त्याच भागात बॉम्ब फुटत होते. पुढे १९९२ मध्ये इटली आणि ऑस्ट्रियानं हा वाद मिटल्याचं संयुक्त राष्ट्रांना कळवलं. कुरकुर बोलून दाखवता येते, तिच्यावर वाटाघाटी होतात.

'सवलत' मात्र लिहू नका. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, वाटेल तेव्हा काढून घेता येते. मातृभाषेतून शिकणं हा हक्क आहे, तसंच लिहावं.

'समान' शब्द टाकून द्यायचा असंही नाही. आडनाव पाहून घर नाकारणं, रंग पाहून पोलिसांनी झडती घेणं, अशा ठिकाणी मागणी नेमकी 'समान वागणुकी'चीच असते. तिथे तोच शब्द बरोबर.